नागपूरहून नेपाळ: पासपोर्ट नाही, एकटी जाऊ का?

बजाजनगरची काकू

नमस्कार. माझी बजाजनगरात मुलांची मेस आहे. व्हीएनआयटीचे अन् कोचिंग क्लासचे पोट्टे जेवायला येतात. माझ्या हातचं वरण-भात खाऊन गेलेले आज म्युनिकला आहेत, टोरंटोला आहेत. एक जण तर नॉर्वेत ट्रोम्सोला शिकून राहिला. डिसेंबरात तिथून व्हिडिओ कॉल करतो, म्हणतो, काकू बघा, दुपारचे दोन वाजले अन् बाहेर अंधार. मी गॅस बारीक करते अन् बघत राहते. मग रात्री झोप येत नाही. मलाही जायचं आहे. दुसऱ्या देशात पाय ठेवायचा आहे, तिथल्या बाजारात भाजी काय भावाने देतात ते स्वतः विचारायचं आहे.

यजमान म्हणतात, काशी झाली, रामेश्वर झालं, आता काय राहिलं? त्यांचे गुडघे दुखतात, ते येणार नाहीत. मुलगी म्हणते टूरने जा. शेजारच्या ताई टूरने जाऊन आल्या. त्यांना विचारलं, तिथले लोक जेवतात काय? तर म्हणाल्या, आपल्याला रोज पोळी-भाजीच होती. मला तसं नको.

दिवाळीत मेस बंद असते, तेवढेच दिवस माझे. नेपाळला पासपोर्ट लागत नाही म्हणतात, ते खरं का? रेल्वेने जाता येतं का? बाईमाणसाने एकटीने जाणं बरं का? मोडकी हिंदी सोडून मला दुसरी भाषा येत नाही. जे स्वतः जाऊन आले त्यांनी सांगा.

अजनी कॉलनी

ताई, माझी सारी नोकरी रेल्वेत झाली, म्हणून गाडीपुरतं सांगतो. नागपूरहून राप्तीसागर थेट गोरखपूरला जाते. रोज नसते, वार बघून घ्या. इटारसी, भोपाळ, झाशीवरून एक दिवस-रात्र लागते, थोडं वरच धरा. गोरखपूरचा प्लॅटफॉर्म तेराशे मीटरहून लांब आहे, एके काळी जगात सगळ्यांत लांब होता. तेव्हा डबा कुठे लागला ते बघा अन् हमाल करा, लाजू नका. तिथून सोनौली सीमा शंभरेक किलोमीटर. स्टेशनाबाहेरून बस मिळतात, तीन तास धरा.

इंदोऱ्याची लेक

काकू, आईला घेऊन मी याच रस्त्याने गेले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

पासपोर्ट नसला तरी चालतो. मतदार ओळखपत्र न्या, मूळ कार्ड, झेरॉक्स नाही. आधारवर विसंबू नका. आपल्याला व्हिसा लागत नाही.

सोनौली म्हणजे एक लांबच लांब बाजार. ट्रकची रांग, केळीवाले, पैसे बदलून देणारे, अन् मधेच कमान येते. सायकलला पिशव्या अडकवून लोक सारखे ये-जा करत असतात, कुणी लेकीच्या सासरी, कुणी किराणा घ्यायला. आमची बॅग एका शिपायाने उघडायला लावली, चिवड्याचा डबा हलवून बघितला अन् जा म्हणाला. झालं, परदेश. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे आहे. आईने तिथेच, रिक्षावाले ओरडत असताना, मनगटावरचं घड्याळ काढलं, काटे फिरवले, माझ्या फोनशी ताडून बघितले अन् मगच पुढे पाऊल टाकलं. ती कधी कोणाच्या देशात पाहुणी म्हणून गेली नव्हती. तिला सगळं रीतसर करायचं होतं.

पैशाचा हिशेब सोपा आहे, आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ. मात्र भाव सांगितला की "नेपाळी की आयसी?" हे विचारायचंच. आपल्या रुपयाला तिकडे आयसी म्हणतात. पाट्या देवनागरीत असतात, वाचता येतात. हिंदी बहुतेकांना कळते.

सीमेपासून भैरहवा जवळच, अन् तिथून बुद्धांचं जन्मस्थळ लुंबिनी वीस-पंचवीस किलोमीटर. बहुतेक जण काठमांडूची घाई करतात अन् लुंबिनीत तासभर थांबून निघतात. तसं करू नका. आमच्या घरी लुंबिनीचं नाव रोजचं. माझी आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होती. त्याच नोव्हेंबरात बाबासाहेब काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेसाठी गेले होते, हे आई आम्हाला लहानपणापासून सांगायची. लुंबिनीत अशोकाचा स्तंभ आहे, वरून तुटलेला, उभी भेग गेलेला. ब्राह्मीतल्या ओळी कमरेच्या उंचीपासून दिसतात. राज्याभिषेकानंतर वीस वर्षांनी राजा स्वतः इथे आला, बुद्धांचा जन्म इथला म्हणून त्याने गावाचा कर माफ केला अन् पिकातला वाटा आठव्या हिश्शावर आणला, असं त्यात कोरलं आहे. आई शेतकऱ्याच्या घरची. जन्मस्थळाच्या दगडापुढे तिने हात जोडले, पण थांबली ती या स्तंभापाशी. कर कमी केल्याची गोष्ट दगडावर कोरून ठेवणारा राजा तिला फार मोठा वाटला. मलाही वाटतो.

आता तुमच्या कामाचं. जन्मस्थळावरच्या मायादेवी मंदिराच्या उत्तरेला एक कालवा आहे अन् त्याच्या दोन्ही अंगांना देशोदेशींचे विहार. पूर्वेकडे म्यानमार, श्रीलंका, थायलंड, पश्चिमेकडे चीन, कोरिया, व्हिएतनाम, जर्मनीसुद्धा. हा सगळा आराखडा केन्झो तांगे या जपानी वास्तुविशारदाचा आहे. उन्हं उतरल्यावर सायकल भाड्याने घेऊन फिरा. म्यानमारचा सोनेरी पॅगोडा झाला की पाचेक मिनिटांत दुसराच देश. कोरियन विहारात वाटसरूंची राहण्या-जेवणाची सोय होते. आम्ही उतरलो तेव्हा बायकांची खोली वेगळी होती. जेवायला भात, साधी भाजी अन् आंबवलेला तिखट कोबी. रांगेत वाढून घ्यायचं अन् ताट आपलं आपण धुवायचं. माझ्या शेजारी पोलंडची एक मुलगी होती, पलीकडे जनकपूरचे आजोबा. तुमच्या मेससारखीच पंगत काकू, फक्त जेवणारे जगभरचे.

एकटीचं म्हणाल तर सीमा दिवसाउजेडी ओलांडा, एवढं पाळाच. गोरखपूरला उशिरा पोहोचलात तर रात्री पुढे निघू नका, स्टेशनाजवळ राहून सकाळची बस धरा. लुंबिनीत मला भीती वाटली नाही.

फिरस्ता धरमपेठ

मत थोडं वेगळं आहे. काकू, नेपाळ कराच, पण आजच पासपोर्टचा अर्जही भरा. १५०० रुपये फी, ३६ पानं, दहा वर्षं चालतो. आपल्या नागपुरातच काम होतं. पोलीस पडताळणीसाठी घरी येतील तेव्हा कागद हाताशी ठेवा, बस. मी हे एवढ्यासाठी म्हणतो की एकदा सीमा ओलांडली की माणूस नेपाळवर थांबत नाही. आमच्या वहिनी भूतानला मतदार कार्डावर जाऊन आल्या अन् परतल्यावर पहिल्याच आठवड्यात पासपोर्टला लागल्या. व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, अन् खाण्याची आवड असलेल्या माणसाने तिथे गेलंच पाहिजे. ट्रोम्सोचा तुमचा पोट्टा तर बोलावतोच असेल.

आणखी एक. वेळ असेल तर लुंबिनीहून पोखरा करा. बुटवल-पाल्पावरून बसला अख्खा दिवस जातो, वळणं फार, ओव्याची पुडी ठेवा. पण दिवाळीनंतर आभाळ धुतलेलं असतं. पहाटे तिथल्या सारंगकोटवरून माछापुच्छ्रे पर्वत दिसतो. उंची ६,९९३ मीटर, अन् माथा माशाच्या शेपटीसारखा दुभंगलेला. आपल्या सीताबर्डीच्या टेकडीला डोंगर म्हणणारे आपण, पहिल्यांदा मान वर केली तेव्हा माझ्या तोंडून शब्द निघाला नाही.

बजाजनगरची काकू

सगळ्यांचे आभार. यजमानांना हे वाचून दाखवलं. ते आयसीचा हिशेब करून राहिले, म्हणजे निम्मं काम झालं. पासपोर्टचा फॉर्म एक पोट्टा आज रात्री भरून देतो म्हणाला. इंदोऱ्याच्या ताई, त्या विहारात स्वयंपाकात हात लावू देतात का हो? तो कोबी कसा आंबवतात ते बघायचं होतं. अन् अजनीचे भाऊ, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीचं तिकीट मिळेल का?

इंदोऱ्याची लेक

विचारा, नाही म्हणणार नाहीत असं वाटतं. आई सकाळी भाजी निवडायला जाऊन बसली होती, कोणी उठवलं नाही. भाषा एकालाही समजत नव्हती तरी पालक निवडून झाला.

अजनी कॉलनी

ताई, दिवाळी ते छठ गोरखपूरकडच्या गाड्या तुडुंब असतात, पाय ठेवायला जागा नसते. छठ दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येते, त्यानंतरचं जाण्याचं धरा. तेव्हा गर्दी उलट्या दिशेने असते, म्हणून परतीचं तिकीट आधी पक्कं करा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, सकाळी आठला. अन् तिकीट काढताना लोअर बर्थचा कोटा निवडा. ४५ वर्षांपुढच्या बायकांना तो मिळतो, एकट्या असल्या तरी.