शब्दचर्चा : टॅटू, गोंदण आणि सामोआचा ‘तताउ’

शब्दवेडी : प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांच्या पारंपरिक टॅटूवरच्या मजकुराचं भाषांतर करतेय. तिथे दातेरी फणी अंगावर टेकवून तिच्या दांड्यावर काठीने ठोकतात. याला ‘गोंदणे’ म्हटलं तर चालेल का? आपल्याकडे सुईने टोचतात. आणि टॅटू म्हणजे आपलं ‘तट्टू’च, असं कुणीतरी ठासून सांगतंय!

जुना वाचक : आधी तट्टूला तबेल्यात बांधू. इंग्रजीत ‘टॅटू’ तीन वाटांनी आलाय. लष्करी ढोलाचा डच भाषेतून, घोड्याचा आपल्याकडून, आणि कातडीवरचा पॉलिनेशियातून, म्हणजे सामोआ, ताहिती वगैरे बेटांच्या मुलखातून. 1769 मध्ये कॅप्टन कुकचं जहाज ताहितीला होतं, तेव्हाच्या रोजनिशीत हा तिसरा शब्द सापडतो. सामोआत ‘तताउ’ आजही रोजच्या बोलण्यातला आहे. त्यांच्याकडे ‘ता’ म्हणजे ठोकणे, मारणे. म्हणून ‘ठोकून गोंदणे’ लिहा, क्रिया डोळ्यांपुढे येते.

रेवती : ‘टाकीचे घाव’ वापरता येईल का? देवपणाचाही अर्थ आपसूक येतो.

जुना वाचक : मोह होतो खरा, पण भलतीकडे नेईल. पुरुषाचा टॅटू, म्हणजे ‘पेआ’, कमरेपासून गुडघ्यापर्यंत असतो. फणीचे दात रानडुकराच्या सुळ्याचे, ते कासवाच्या पाठीच्या तुकड्याला बांधलेले. आता बरेच जण स्टीलचे वापरतात. शाई जंगली अक्रोडाच्या काजळीची. एक ठोकतो, मदतनीस कातडी ताणून धरतात, रक्त पुसतात. हे सोसून माणूस देव होत नाही, कुटुंबाच्या आणि गावच्या प्रमुखांच्या सेवेला लायक होतो. या सेवेला ‘ताउतुआ’ म्हणतात. अर्धवट सोडलेला पेआ ही अख्ख्या घराची नाचक्की. आपल्याकडच्या आज्या म्हणायच्या, सगळं इथेच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं. त्यांची नजर परलोकावर, सामोआची घरादारावर.

शब्दवेडी : आणि बायकांचं?

रेवती : त्यांचा ‘मालू’, मांड्यांपासून गुडघ्यांच्या खालपर्यंत. याच शब्दाला आसरा, संरक्षण असाही अर्थ आहे. तिथे तळटीप हवीच. दंतकथा तर झकास आहे. ताएमा आणि तिलाफाइंगा या जुळ्या बहिणी फिजीहून पोहत निघाल्या, ‘बायकांना गोंदा, पुरुषांना नको’ असं गात. वाटेत शिंपल्यासाठी बुडी मारली आणि वर आल्या तेव्हा गाणं उलटं झालं होतं! काम पुरं झालं की अंगाला खोबरेल आणि हळद चोळतात. इथे भाषांतरात काही अडायचं नाही.

जुना वाचक : एक राहिलं. कारागिराला ‘गोंदणारा’ लिहू नका. त्याला ‘तुफुंगा’ म्हणतात आणि घर बांधणाऱ्या कसबी माणसालाही तोच शब्द. ही विद्या ठरावीक घराण्यांत चालत आलेली. मी ‘उस्ताद’ लिहीन.