८ जीबी रॅम पुरते, की १६ घ्यावीच लागते?

चक्रीभुंगा
लॅपटॉपमध्ये ८ जीबी डीडीआर४ रॅम आहे. एकच स्टिक, दुसरा स्लॉट रिकामा. २५६ जीबी एसएसडी, विंडोज ११. काम म्हणजे क्रोममध्ये १५-२० टॅब, एक्सेलच्या दोन-तीन फाइली आणि मधूनमधून व्हिडिओ मीटिंग. काहीही न उघडता टास्क मॅनेजर ५० टक्के मेमरी वापरात दाखवतो, मीटिंग सुरू झाली की ८५ च्या वर. एवढ्या कामाला खरी गरज किती? आणि आणखी ८ ची जोड द्यायची, की आहे ती काढून १६ ची एकच बसवायची?

खिळामोळा
टक्क्यांवरून काही ठरवू नका. त्याच मशीनमध्ये १६ टाकलीत तर काही न उघडता वापर ४ वरून ५-६ जीबीवर गेलेला दिसेल, कारण जागा असली की विंडोज आवराआवर कमी करतं. शिवाय नुकत्याच वापरलेल्या फाइली 'कॅश्ड'मध्ये धरून ठेवतं, पण ती जागा मागितली की लगेच सुटते.

बघायचे आकडे दोन. नेहमीचं सगळं उघडा, मीटिंगही सुरू करा, मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. 'कमिटेड'खाली ९.१/१२.३ असं काहीतरी दिसेल. पहिला आकडा म्हणजे प्रोग्रॅमांना कबूल केलेली मेमरी, दुसरा म्हणजे रॅम अधिक पेज फाइल (रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवरची जी जागा वापरतं ती). पहिला आकडा रॅमपेक्षा थोडा जास्त असला तरी बिघडत नाही. प्रोग्रॅम मागून ठेवतात भरपूर, हात लावतात थोड्यालाच.

मग रिसोर्स मॉनिटर उघडून मेमरी टॅबमधला 'हार्ड फॉल्ट्स'चा, म्हणजे हवं ते रॅममध्ये नसल्याने डिस्कवरून आणावं लागलं असं सेकंदाला किती वेळा झालं त्याचा आलेख बघा. नवा प्रोग्रॅम उघडताना तो उसळी घेणारच, फाइल डिस्कवरून वाचली जात असते. पण आधीपासून उघड्या असलेल्या विंडोंमध्ये ये-जा करताना तो शेकड्यांत जात असेल आणि खाली येत नसेल, तर रॅम कमी पडतेय. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी आहे, त्यावर ते सुरू होतं, एवढंच.

टॅबखोर
आधी क्रोम तपासा. क्रोम उघडा असताना शिफ्ट-एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर येतो, मेमरीच्या रकान्यावर क्लिक केलं की मोठे खाणारे वर. बरेचदा टॅबपेक्षा एखादं एक्स्टेन्शनच वर निघतं. २०१८ पासून डेस्कटॉपवरचं क्रोम वेगवेगळ्या साइट वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवतं. सुरक्षेसाठी ते बरोबर आहे, पण मेमरी जास्त जाते. सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्सखाली मेमरी सेव्हर चालू करा, न वापरलेले टॅब ते मेमरीतून काढतं आणि परत उघडले की नव्याने लोड करतं. अर्धवट भरलेला फॉर्म असलेल्या साइट मात्र त्याच्या अपवादांत टाका.

चक्रीभुंगा
मीटिंग चालू असतानाचे आकडे: वापरात ६.९, कमिटेड ११.६/१५.२. टॅब बदलला की हार्ड फॉल्ट २००-४००, दोन-तीन सेकंद सगळं थिजतं. मेमरी सेव्हर लावून कमिटेड १०.४ वर आलं, थिजणं थोडं कमी झालं, गेलं नाही.

खिळामोळा
मग १६ करा. ३२ ची गरज तुमच्या आकड्यांत कुठेच दिसत नाही.

८ ची जोडच द्या. दोन स्टिक असल्या की ड्युअल चॅनल चालतं, म्हणजे डेटा दोन वाटांनी एकदम जातो-येतो. तुमच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ग्राफिक्सही हीच रॅम वापरतं, म्हणून तिथे फरक कळतो. १६ ची एकच बसवली तर क्षमता तीच, वाट अर्धी. ८ तशीच ठेवून १६ टाकली तर २४ होतात. तेही बहुतेक मशीनवर चालतं, फक्त १६ पर्यंतचा भाग ड्युअल आणि उरलेला सिंगल चॅनलने.

स्टिक २६० पिनांची, १.२ व्होल्टची डीडीआर४ सोडिम (लॅपटॉपची आखूड स्टिक) हवी. डीडीआर५ ची २६२ पिनांची असते आणि खाच वेगळ्या जागी, ती बसणारच नाही. स्पीड टास्क मॅनेजरमध्येच दिसेल. आहे ती २६६७ ची आणि नवी ३२०० ची असली तरी दोन्ही २६६७ वर चालतील. जास्तीत जास्त किती रॅम चालते ते मॉडेलच्या माहितीपत्रकात बघून घ्या.

बसवताना आधी शट डाउन, चार्जर काढा, मागचं झाकण उघडा, बॅटरीचा कनेक्टर सोडवा, मग पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा. उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. स्टिक साधारण ३० अंशांत तिरकी आत सारायची, सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी झाली पाहिजे, मग खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा टक् आवाज आला पाहिजे. पट्टी अर्धी बाहेर असताना दाबली तरी कधीकधी चिमटा लागतो आणि मग 'नवी स्टिक खराब निघाली' म्हणून तक्रार होते!

जुनाटकीबोर्ड
वरच्याला पुरवणी. 'रॅम साफ करणारी' सॉफ्टवेअर टाकू नका. ती प्रोग्रॅमांची मेमरी जबरदस्तीने बाहेर ढकलतात, आकडा छान दिसतो, आणि पुढच्या क्लिकला तेच सगळं डिस्कवरून परत आत आणावं लागतं. पेज फाइलही बंद करू नका. कमिटेडची मर्यादा खाली येते आणि रॅम मोकळी दिसत असतानाही प्रोग्रॅम 'मेमरी संपली' म्हणून कोसळतात.

३२ कोणाला लागते? व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर) चालवणारे, ४के व्हिडिओ एडिट करणारे, रॉ फोटोंचे ढीग उपसणारे. नवा लॅपटॉप घेताना रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असेल (एलपीडीडीआर लिहिलेलं असलं की बहुधा असतेच), तर नंतर वाढवता येत नाही. तिथे पहिल्यापासून १६ घ्या. मॅकवर टक्के सोडा, ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधला 'मेमरी प्रेशर'चा रंग बघा. लिनक्सवर 'फ्री' कमांडमधला 'अव्हेलेबल' रकाना.

चक्रीभुंगा
बसवली. पण टास्क मॅनेजर १६ ऐवजी १५.४ दाखवतोय.

जुनाटकीबोर्ड
उरलेली 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड'मध्ये दिसेल, मुख्यतः ग्राफिक्ससाठी राखलेली. एवढी चालते. ७-८ जीबीच रिझर्व्ह्ड दिसली तर एमएस-कॉन्फिग उघडून बूट टॅब, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम मेमरी'वर टिक राहिलेली नाही ना ते बघा. ती टिक कधीच लावायची नसते. आज रात्री रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ ची एक फेरी पूर्ण चालू द्या. एकही चूक दिसली तर एकेक स्टिक वेगळी लावून तपासा, आणि एकट्या दोन्ही स्वच्छ निघाल्या तर स्लॉट अदलून बघा.