चित्रकार वासुदेव गायतोंडे: शैली बदलली की नुसती उसनवारी?

टर्पेंटाइन: काल मी_बापडा यांनी ठोकून दिलं की "गायतोंडे म्हणजे आधी युरोपातल्या पॉल क्ले या चित्रकाराची उसनवारी, मग १९६४ला न्यूयॉर्कला जाऊन अमेरिकन अमूर्त चित्रकार रॉथ्को बघितला आणि पुढं आयुष्यभर तेच चित्र रंग बदलून." वाचून डोकंच फिरलं. अहो, न्यूयॉर्कच्या मोमा या कलासंग्रहालयात त्यांचं 'पेंटिंग ४' आहे ते १९६२चं! फेलोशिपवर न्यूयॉर्कला जायच्या आधीच माणूस आकृत्या सोडून बसला होता, मग रॉथ्को काय टपालानं आला? मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ला बाहेर पडले, सुरुवातीला लघुचित्रांतले सपाट रंग आणि ठसठशीत रेषा, मग क्ले, मग हळूहळू रेषाही गेली आणि रंग तेवढा उरला. एकेक गोष्ट टाकत जाणं याला उसनवारी म्हणतात होय?

मी_बापडा: टपालानंच आला असेल, मासिकं छापत होते की तेव्हा. क्लेचं तुम्हीच कबूल केलंत, आभारी आहे. १९७०नंतरची दोन चित्रं शेजारी ठेवा, एक पिवळं, एक करडं, आणि बाकी फरक दाखवा बघू.

रेघोट्या: मोबाइलवर अंगठा फिरवत बघाल तर कसा दिसणार फरक? रोलरनं थर चढवायचा, पॅलेट नाइफनं खरवडायचा, कागदाचे कपटे दाबून रंगाचे आकार उमटवायचे. जवळ गेलं की वरच्या थराच्या कडेनं खालचा रंग डोकावतो आणि दोन पावलं मागे सरकलं की गायब. तेच चित्र म्हणे!

कॅनव्हासकाका: शैली बदलायचे लाड पोट भरलेल्यांचे. माझे घोडे खपायचे, एकदा हौसेनं अमूर्त घेऊन गेलो तर गॅलरीवाला कॅनव्हास उलटासुद्धा न करता म्हणतो घोडे कुठायत. पुढची कित्येक वर्षं घोडेच काढले, शेवटी शेवटी डोळे मिटून काढायचो. त्यामुळे प्रवास वगैरे मला सांगू नका.

टर्पेंटाइन: काका, पोट कुठलं भरलेलं? गायतोंडे दिल्लीत निजामुद्दीनला बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत राहायचे, वर्षाला मोजकीच चित्रं करायचे. त्यांच्या एका चित्राला ते २३.७ कोटी क्रिस्टीज या लिलाव कंपनीच्या मुंबईतल्या लिलावात २०१३ला आले, माणूस २००१लाच गेलेला.

कॅनव्हासकाका: त्यांच्यामागे बायकापोरं नव्हती, हे सोयीस्कर विसरा. माझ्या पोरांच्या फिया घोड्यांनी भरल्यात.

रेघोट्या: मग घोड्यांचे उपकार माना ना, गायतोंडेंवर का चिडताय? कुणी कपाळाला बंदूक लावली नव्हती.

कॅनव्हासकाका: तुमचं वय काय हो? कधी स्वतःचं चित्र विकून घर चालवलंय का? नाही ना, मग गप्प बसा.

मी_बापडा: काकांशी सहमत. बाजाराला एकच शिक्का लागतो, चित्रकार रझांच्या त्या कायमच्या बिंदूचं काय झालं बघा. गायतोंडेंना तो न मागता सापडला एवढंच.

टर्पेंटाइन: आणि १९८४च्या अपघातानंतर मोठा कॅनव्हास झेपेना तेव्हा कागदावर काळ्या शाईनं जी कामं केली, तो कुठला शिक्का? कुठल्या बाजारानं मागितली होती ती?

मी_बापडा: बरं बाबा, ती शाईची कामं वेगळी आहेत. घ्या, फ्रेम करून लावा माझी कबुली. पण श्रेय अपघाताचं, रॉथ्कोचं मी अजून सोडलेलं नाही.

कॅनव्हासकाका: माझं ते अमूर्त अजून माळ्यावर पडलंय. कोणाला हवं असेल तर घेऊन जा, घोडा फुकट देतो.