विषय: तातडीचं! तळघरात गटार उलटलंय, मंडळाचं सामान खालीच आहे

शोभा, ओक पार्क (शिकागोजवळ):
मंडळी, रात्रीच्या पावसात फ्लोअर ड्रेनमधून पाणी वर आलं. घोटाभर आहे आणि वासाचं तर विचारूच नका. सतरंज्या, चौरंग, समया, मखराचे खोके, सगळं त्यात. हे पुण्याला गेलेत. पंप कुणाकडे आहे? गमबूटही हवेत. तोवर मी जुन्या चपला घालून उतरते.

अविनाश:
शोभाताई, उतरू नका! खाली काही प्लगला लावलेलं आहे का? वर नळ, फ्लश, वॉशिंग मशीन सगळं बंद ठेवा. बाहेरची लाइन तुंबलेली असली की वर सोडलेलं पाणी खालच्या ड्रेनमधूनच बाहेर पडतं.

शोभा:
अगंबाई, मशीन चालूच होतं. केलं बंद. डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा शोषणारं यंत्र) पाण्यात उभा आहे, वायर लावलेली. बटणांचा बोर्डही खालीच, जिन्यापलीकडे.

अविनाश:
मग मेन बंद करायलाही जाऊ नका. वीज कंपनीला फोन करा, ते बाहेरून तोडतील. वॉटर हीटर गॅसचा असेल आणि त्यात पाणी गेलं असेल तर पायलट, म्हणजे त्यातली लहान ज्योत, स्वतः पेटवू नका.

मंदार:
हे होणारच. शिकागो आणि आसपासच्या जुन्या उपनगरांत पावसाचं आणि संडासाचं पाणी एकाच नळातून जातं. डीप टनेल म्हणजे जादा पाणी साठवायच्या प्रकल्पाचे १०९ मैल बोगदे २००६ मध्ये पुरे झाले, तरी ढगफुटीसारखा पाऊस आला की गल्लीतली लाइन भरतेच. मी ड्रेनमध्ये उभा पाइप बसवलाय. पाणी पाइपात चढतं, फरशीवर येत नाही.

अविनाश:
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! पाइपाचं नंतर. आणि लोकहो, कुणी ड्रेनला घट्ट बूच मारू नका, खालच्या दाबाने फरशी उचलते.

सुलभा (माजी सांस्कृतिक सचिव):
माझ्याशिवाय सामानाला कुणी हात लावू नये. यादी माझ्याकडे आहे. समया नाशिकहून आणलेल्या आहेत, चौरंग सागवानी. सगळं ब्लीचमध्ये बुडवून ठेवा, म्हणजे झालं. स्टोरेज युनिट सोडू नका म्हणून मी तेव्हाच सांगितलं होतं.

प्रशांत (खजिनदार):
वहिनी, युनिटचं भाडं कोण भरत होतं ते एकदा हिशेबात बघा.

डॉ. अनघा:
भांडण नंतर. समया ब्लीचमध्ये नकोत, पितळ खराब होतं. गरम पाणी, साबण, ब्रश, पुरे. सतरंज्या पाण्यात किती वेळ होत्या ते बघा. गरम पाण्यात धुऊन निघाल्या तर ठीक, नाहीतर टाका. मखर, पुठ्ठ्याचे खोके, गालिचा सरळ कचऱ्यात. फरशी आधी साबणाने धुवायची, मग गॅलनभर पाण्यात एक कप ब्लीच. खिडक्या उघड्या. त्यात टॉयलेट क्लीनर किंवा अमोनिया घालायचा नाही, विषारी वायू होतो. हातमोजे, चष्मा, मास्क हवाच. खरचटलं तर धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. पंखे लगेच लावा, दोन दिवसांत बुरशी धरते. आणि हो, लाकडी पोळपाट-लाटणी टाकायची. धुऊनसुद्धा नकोत.

सुलभा:
पोळपाट?? ते माझ्या सासूबाईंनी दिलेले!

प्रशांत:
फेकण्याआधी प्रत्येक वस्तूचे फोटो काढा. साध्या घरविम्यात गटाराचं उलटं पाणी बहुधा धरत नाहीत, त्यासाठी वेगळं कलम घ्यावं लागतं. शोभाताई, पॉलिसीत ते आहे का बघा. मंडळाचं सामान त्यात बसतं का, हेही एजंटला विचारा.

शोभा:
वीज तोडून गेला माणूस. पंप अजून कुणीच म्हणालं नाहीये.

मंदार:
पंप आणि गमबूट घेऊन निघालोय, चार्ज केलेला मोठा टॉर्चही आणतो. ताई, जनरेटर आहे, तो अंगणातच चालवायचा, गॅरेजमध्ये नाही. केबल लांब आहे.

सुलभा:
मंदार, जाताना मला घेऊन जा. आणि अनघा, मग गौरीच्या पुरणपोळ्या कशावर लाटायच्या?

डॉ. अनघा:
ओट्यावर.