आयस्कझीच्या दोन कार्डांचं टीमिंग: करायचं की नाही?

तापीकाठ: जळगावच्या एका डाळमिलच्या ऑफिसात दोन हायपर-व्ही सर्व्हर (एकाच मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारे) आणि एक स्टोरेज बसवतोय. आयस्कझीसाठी, म्हणजे नेटवर्कवरून स्टोरेजच्या डिस्क सर्व्हरला जोडायला, प्रत्येक सर्व्हरला एक गिगाबिटची दोन नेटवर्क कार्डं वेगळी ठेवलीत. जुना व्हेंडर म्हणतो, टीमिंग करा, म्हणजे दोन्ही कार्डं जोडून एकच करा, दोन गिगा मिळेल. माझ्या मते साफ चूक. टीमिंग लॅनला, स्टोरेजला एमपीआयओ, म्हणजे एकाच डिस्ककडे जाणाऱ्या दोन वेगळ्या वाटा. दोन कार्डं, दोन सबनेट (आयपी पत्त्यांचे वेगळे गट), दोन स्विच, गेटवे कुठेच नाही.

भुसावळ जंक्शन: व्हेंडर एवढा चुकला नाही भो. एक केबल निघाली तर दुसरी चालते, आयपी एकच. आमच्याकडे तीन वर्षं टीमवरच चाललंय.

तापीकाठ: चालतंय हो, पण दोन गिगा मिळतंय का? टीमिंगचा प्रोटोकॉल एलएसीपी एक टीसीपी कनेक्शन एकाच तारेवर बसवतं. स्टोरेजशी सेशन एकच असेल तर दुसरी तार नुसती बघत बसते. एमपीआयओत दोन सेशन, राउंड रॉबिन (आळीपाळीने) लावलं की दोन्ही राबतात. शिवाय एलएसीपीला दोन्ही तारा एकाच स्विचला किंवा स्टॅकला (एकत्र जोडलेल्या स्विचना) हव्यात. मेच्या उन्हात, डाळीच्या धुळीत तो स्विचच बसला तर?

धुळेकर: दोन सबनेट हा सगळीकडचा नियम नाही हं. व्हीएमवेअरला पोर्ट बाइंडिंग (आयस्कझीला ठरावीक पोर्ट बांधून देणं) करायचं तर सगळे पोर्ट एकाच सबनेटमध्ये. प्रत्येक व्हीएमकर्नल पोर्टला (व्हीएमवेअरच्या स्वतःच्या नेटवर्क पोर्टला) एकच कार्ड अ‍ॅक्टिव्ह, दुसरं ‘अनयूज्ड’. ‘स्टँडबाय’ ठेवलंत तर बाइंडिंग होतच नाही. दोन सबनेट असतील तर बाइंडिंगच्या वाटेला जाऊ नका.

तापीकाठ: मान्य, मी हायपर-व्हीपुरतंच बोलतोय. जम्बो फ्रेम (1500 ऐवजी 9000 बाइटची मोठी पाकिटं) लावू का?

धुळेकर: स्विच, स्टोरेज, कार्ड, सगळीकडे लावणार असाल तरच. मधला स्विच 1500 वर राहिला तरी साधा पिंग जातो, लॉगिनही होतं, मोठी कॉपी मात्र लटकते. तुकडे न करता 8972 बाइटचा पिंग मारून बघा; 9000 मधले 28 हेडरचे.

भुसावळ जंक्शन: हे सगळं तुम्हाला येतं. तुम्ही गेल्यावर मिलमधल्या पोराचं काय? एमपीआयओत आयस्कझीची टिक मारायची राहिली की तीच डिस्क दोनदा दिसते. त्याला वाटणार नवीन डिस्क आली, आणि मारला फॉरमॅट! टीममध्ये ही भानगडच नाही.

तापीकाठ: हा मुद्दा खरा. कागदावर लिहून रॅकला चिकटवतो.

भुसावळ जंक्शन: कागद वाचतंय कोण, भाऊ!