दालचिनी: कुठली, कशात, किती?

वाण्याकडे ‘दालचिनी द्या’ म्हटलं की पुडीत बहुधा कॅशिया येते. जाड, तांबूस-काळपट, एकाच थराची वळलेली साल. काही व्यापारी तिला तज म्हणतात. श्रीलंकेतली आणि आपल्या कोकणातल्या बागांमधली दालचिनी वेगळ्या झाडाची. तिचे पातळ पदर एकात एक गुंडाळलेले असतात, रंग फिका असतो आणि बोटांनी दाबली तरी ती मोडते. मसाल्यांच्या गप्पा नेहमी ‘खरी कुठली’ यावरच अडतात, त्यात मला रस नाही. माझ्याकडे दोन्ही असतात. पातळ साल दुधात, खिरीत आणि सफरचंदाच्या मुरांब्यात जाते, जाड साल मसालेभाताच्या फोडणीत आणि गोड्या मसाल्यात. तुम्ही काय करता ते लिहा. मध-दालचिनीचे चमत्कार मात्र नकोत, ते सगळ्यांच्या फोनवर आधीच पडलेले आहेत.

दापोलीकर

आमच्याकडे नारळी-पोफळीत मिरी वर चढवलेली आणि मधल्या सावलीत दालचिनी. जात ‘कोकण तेज’, इथल्याच कृषी विद्यापीठाची. झाड मोकळं सोडलं तर उंच वाढतं, म्हणून जमिनीलगत छाटायचं. मग फुटवे येतात आणि ते अंगठ्याएवढे जाड झाले की तोडायचे. दालचिनीची नवी पालवी तांबडी असते. ती हिरवी झाल्याशिवाय साल लाकडाला सोडत नाही. घाई केली तर नुसत्या चिंध्या हाती येतात.

आधी वरची खरबरीत साल खरवडून टाकायची. मग काठी पितळी दांडीने नीट घासायची, दोन टोकांना गोल आणि मधून उभा छेद द्यायचा आणि आतली साल अलगद उकलायची. सावलीत वाळताना ती आपोआप वळते. श्रीलंकेत सालींचे तुकडे एकात एक बसवून लांबलचक नळ्या करतात आणि नळी जितकी बारीक तितका भाव जास्त. तिथला ‘अल्बा’ हा सर्वांत वरचा दर्जा म्हणजे 6 मिलिमीटरपेक्षाही बारीक नळी. एवढी नजाकत आमच्याकडे नाही, पण वासात आम्ही मागे नाही. सोललेल्या काठ्या चुलीत जातात, पाणी तापवताना परसभर वास सुटतो.

आता पानांचं. ती वाळवून आम्ही तमालपत्र म्हणून वापरतो, बाजारातही तशीच खपतात. उत्तरेकडचं तमालपत्र हिमालयाच्या पायथ्याच्या दुसऱ्या झाडाचं, दालचिनीच्याच कुळातलं. दोन्हींवर तीन ठळक शिरा असतात. आमच्या पानाला वास मात्र लवंगेकडे झुकणारा, कारण पानाच्या तेलात युजेनॉल, म्हणजे लवंगेला वास देणारं द्रव्य, भरपूर. ओलं पान मिळालं तर नारळाच्या दुधातल्या भातात घालून बघा. एकच पुरे.

कोल्हापूरकर

पांढऱ्या रश्श्याला जाड सालच. अख्खा मसाला तुपात परतायचा आणि वर आळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, ओतून उकळू द्यायचं. पूड घातली की रश्श्याचा रंग गेला. पातळ सालीचा उकळून चुरा होतो आणि तो दाताखाली येतो. किलोभर मटणाला बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा बास. जास्त झाली की रस्सा गोडसर लागतो, मग मिरची वाढवूनही तो गोडवा हटत नाही. कांदा-लसूण मसाल्यासाठी दालचिनी आधी खलबत्त्यात फोडा, तशीच मिक्सरला लावलीत तर पात्यांचं काही खरं नाही.

धागाकर्ती

वाढताना तुकडा काढता का?

कोल्हापूरकर

कशाला? ज्याच्या वाटीत येईल त्याचा.

पणजीची

विंदालूत दालचिनी दिसत नाही, पण नसली तर लगेच कळतं. लाल मिरच्या, लसूण, जिरं, मिरी, लवंग आणि दालचिनी हे सगळं माडाच्या व्हिनेगरात भिजत घालून वाटायचं. भिजल्याने जाड सालही गंधासारखी वाटली जाते. पोर्कला हा मसाला चोळून रात्रभर ठेवायचा. दुसऱ्या दिवशी विंदालू जास्त चांगली लागते, कारण आंबट आणि दालचिनी एकमेकांत मुरलेली असतात. शागुतीत मात्र मसाला कोरडा भाजतो आणि तिथे दालचिनी शेवटी टाकायची. खसखस भाजून होईपर्यंत ती कढईत राहिली तर कडवट होते.

म्युनिकवासी

जर्मनीत डिसेंबरमध्ये दालचिनीचे तारे, म्हणजे बदाम आणि अंड्याच्या पांढऱ्याची चांदणीच्या आकाराची बिस्किटं, घरोघरी होतात. 2006 मध्ये इथल्या जोखीम-मूल्यांकन संस्थेने त्यातल्या कुमारिन या दालचिनीत मुळातच असणाऱ्या द्रव्याबद्दल इशारा दिला होता. कॅशियात कुमारिन बरंच असतं, श्रीलंकेच्या दालचिनीत नावापुरतं. सतत जास्त गेलं तर काही लोकांच्या यकृताला त्रास होतो. सुरक्षित मर्यादा धरतात ती वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.1 मिलिग्रॅम. त्याच संस्थेच्या हिशोबाने 60 किलो वजनाच्या माणसाला रोज 2 ग्रॅम कॅशिया पूड चालते, 15 किलोच्या मुलाला अर्धा ग्रॅम.

म्हणून मसालेभातातल्या तुकड्याची काळजी करू नका. रोज सकाळी चमचाभर पूड पाण्यातून घेणाऱ्यांनी मात्र करावी, आणि आमच्या नात्यात असे बरेच आहेत! मुलांच्या रोजच्या ओट्समध्ये मी पातळ सालीचीच पूड घालते.

न्यू जर्सीकर

अमेरिकेत डब्यावर नुसतं ‘सिनॅमन’ लिहिलेलं असलं तर आत बहुधा इंडोनेशियाची कॅशिया. व्हिएतनामची मिळाली तर जपून, ती सगळ्यांत तिखट आणि तेलकट. तिथे फो या नूडल्सच्या सूपच्या रश्श्यात ती चक्रीफुलाबरोबर भाजून टाकतात. सिनॅमन रोल करणाऱ्यांसाठी एक सूचना: पूड कणकेत मळू नका, लोणी-साखरेबरोबर आत पसरा. दालचिनीला वास देणाऱ्या सिनॅमाल्डिहाइड या द्रव्यामुळे यीस्ट मंदावतं आणि रोल फुगत नाहीत.

2023 मध्ये इथे लहान मुलांच्या सफरचंदाच्या प्युरीत शिसं सापडलं आणि ते दालचिनीच्या पुडीतून आलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे तयार पूड बंद. साल आणते आणि कॉफीच्या ग्राइंडरमध्ये थोडी थोडी दळते. ताज्या पुडीला वासही असा असतो की मापाच्या निम्मीच पुरते.

सध्या मेक्सिकोत

इथे सगळीकडे श्रीलंकेचीच. मेक्सिको तिचा मोठा गिऱ्हाईक आहे. मातीच्या भांड्यात गूळ आणि दालचिनी घालून उकळलेली कॉफी पितात. गूळ आपल्यासारखाच उसाचा, शंकूच्या आकाराचा. आपल्याकडे कोरी गुळाची कॉफी करणाऱ्यांनी सालीचा तुकडा पाण्याबरोबरच उकळायला टाकावा आणि कॉफी गॅस बंद केल्यावर. वेलचीची आठवणही येत नाही.

ठाण्याचा वाचक

माझा प्रश्न साधा आहे. पूड चहात घातली की खाली बुळबुळीत गाळ बसतो. भेसळ का?

दापोलीकर

नाही हो. सालीतच चिकट द्रव्य असतं, गरम पाण्यात ते फुगतं. कॅशियात जास्त. चहाला पूड घालूच नका, साल टाका आणि गाळून घ्या. तोच तुकडा धुऊन, वाळवून दुसऱ्यांदाही चालतो. आणि पुडीत कुठली दालचिनी आहे हे नुसतं बघून मलाही सांगता येणार नाही. साल घ्या, दुकानातच मोडून बघा.