वडिलांसाठी लो-डोस सीटी (कमी किरणांचा सीटी स्कॅन) : पैसे वाया जातील का?

चहाबाज_७९
बाबा ६३ चे, रोज एक पाकीट सिगरेट अशी ३० वर्षं ओढलीय, ६ वर्षांपूर्वी सोडली. एका लॅबवाल्यांचा सारखा फोन, पॅकेज घ्या त्यात फुफ्फुसाचा सीटी पण आहे. आई म्हणते मग माझाही काढ (तिला सिगरेटचा वाससुद्धा सहन होत नाही). दोघांचा करावा की नुसता खिसा कापतायत?

रिकामटेकडा
आईचा नको. अमेरिकेत ५३ हजार लोकांवर मोठी ट्रायल झाली, रिझल्ट २०११ ला आले, सीटीवाल्या गटात फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्के कमी. पण ते सगळे बाबांसारखे दांडगे स्मोकर, आणि त्यांच्यातही सगळ्यात जास्त धोका असलेल्या गटात साधारण १६१ जणांना तपासल्यावर एक जीव वाचला तर सगळ्यात कमी धोक्याच्या गटात तोच आकडा ५,२७६! मशीन तेच, खर्च तोच. आई तर त्या गटातही बसत नाही.

सातारी_कंदी
सीटीचं बिल काहीच नाही हो, खरा खर्च नंतर सुरू होतो. सासऱ्यांच्या सीटीत गाठ दिसली, मग परत सीटी, पेट स्कॅन (कॅन्सर शोधायचा आणखी एक स्कॅन), बायोप्सी, दोन महिने घरात कुणाला झोप नाही, शेवटी निघाला जुन्या टीबीचा व्रण. आपल्याकडे टीबी एवढा, की असे डाग किती जणांना असतील. त्या अमेरिकन ट्रायलमध्येपण संशयास्पद निघालेल्या सीटींपैकी ९६ टक्के कॅन्सर नव्हतेच म्हणे.

लेस्टरकर
इकडे इंग्लंडमध्ये एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) ५५ ते ७४ वयाच्या, कधीतरी सिगरेट ओढलेल्या लोकांना बोलावतं, पण आधी प्रश्न विचारून धोका काढतात, जास्त असेल तरच सीटी. चांगल्या तब्येतीचं एक वर्ष मिळवायला किती पाउंड पडतात हा हिशोब इथे प्रत्येक गोष्टीत, अनेक वर्षं २०-३० हजारांच्या आत बसलं तर सहसा हो म्हणायचे. अमेरिकेत त्याच ट्रायलवरून अशा एका वर्षाचे ८१,००० डॉलर निघाले होते. आणि एकदा काढून भागत नाही, त्या ट्रायलमध्ये तीन वर्षं दरवर्षी काढला होता.

रिकामटेकडा
@चहाबाज आधी बाबांना हे विचार, गाठ निघालीच तर ऑपरेशन करून घेणार का? नसतील तर सीटीला काही अर्थ नाही. आणि साधा एक्सरे काढून समाधान मानू नका, त्याने मृत्यू कमी होत नाहीत.

चहाबाज_७९
विचारलं. म्हणाले "छाती फाडू देणार नाही, सीटी काढ हवा तर." आई रुसलीय ती वेगळीच.